जागा आधी, चित्र नंतर: डेन्व्हरपासून कोडी-जॅक्सनपर्यंत दोघांची अकरा दिवसांची रोड ट्रिप

पहिल्या खेपेला आम्ही हा प्रवास उलट्या क्रमाने केला. वायोमिंग राज्यातल्या कोडी गावचं संग्रहालय आधी पाहिलं आणि मूळ रहिवाशांनी अमेरिकन सैन्याला हरवलं ती लिटल बिगहॉर्नची रणभूमी दोन दिवसांनी. त्या टेकडीवर उभी असताना मला समोरचं गवत दिसेचना. दोन दिवसांपूर्वी पाहिलेली चित्रंच दिसत राहिली: धूर, उधळलेले घोडे, मधोमध तिथे पडलेला घोडदळाचा अधिकारी कस्टर. नवरा चित्रवेडा, मी पुण्याची, गडकिल्ले पायाखाली घालत वाढलेली. आपली चूक काय झाली हे दोघांच्याही तिथेच लक्षात आलं. तीन वर्षांनी पुन्हा निघालो तेव्हा क्रम फिरवला, आधी जागा आणि मग तिचं चित्र. एवढ्या एका बदलाने सगळा प्रवासच वेगळा झाला. त्या दुसऱ्या खेपेवरून हे नियोजन लिहिते आहे.

आधी एका शब्दाचा खुलासा करते. ‘वेस्टर्न आर्ट’ म्हटलं की आपल्या मनात पाश्चात्त्य चित्रकला येते, म्हणजे युरोप. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ अमेरिकेच्या पश्चिम भागाची कला असा आहे: मैदानं, बायसन, गुराखी, मूळ रहिवासी, त्यांच्यावर चालून गेलेलं सैन्य, डोंगर. रेमिंग्टन, रसेल, मोरान, बीअरस्टाट ही त्यातली मोठी नावं. या चित्रांनीच जगाच्या मनात ‘वाइल्ड वेस्ट’ उभा केला. तो किती खरा आणि किती रंगवलेला, हे त्या जागी गेल्याशिवाय कळत नाही.

कधी जायचं

जुलै ते सप्टेंबरचा मध्य. याच्या आधी बिगहॉर्न डोंगरावरच्या रस्त्यांवर बर्फ असू शकतो, आणि ऑक्टोबरपासून बरीच छोटी संग्रहालयं वेळ कमी करतात किंवा बंदच होतात. माझी पसंती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या लेबर डेनंतरच्या दिवसांना. शाळा सुरू झालेल्या असतात, यलोस्टोनची गर्दी ओसरते आणि हवा छान असते. कोडीचा रोजचा रोडिओ, म्हणजे गुराख्यांचे घोड्या-बैलांवरचे खेळ, मात्र ३१ ऑगस्टला संपतो. तो पाहायचाच असेल तर ऑगस्टमध्ये निघा.

तारखा ठरवताना सगळ्यात आधी कागदावर दोन रकाने पाडा. एकात जागा, दुसऱ्यात ती कुठल्या वारी बंद असते ते. आम्ही एका शहरात एका संग्रहालयासाठी मुद्दाम मुक्काम केला आणि नेमका तो बंदचा दिवस निघाला. दाराच्या काचेतून आतलं एक चित्र अर्धंमुर्धं पाहून परत फिरलो. तेव्हापासून मी तारखा संग्रहालयांवरून ठरवते. किल्ले आणि रणभूमी सहसा रोज उघड्या असतात, अडचण संग्रहालयांची येते.

आरक्षण, पास आणि गाडी

यलोस्टोनच्या आतली निवासस्थानं वर्षभर आधीच भरायला लागतात, म्हणून पहिलं आरक्षण तिथलं करा आणि बाकीच्या तारखा त्याभोवती बसवा. त्यानंतर कोडी आणि जॅक्सन. जॅक्सन फार महाग आहे, तिथे एकच रात्र पुरे. कॅस्पर आणि शेरिडनला बऱ्यापैकी स्वस्त खोल्या मिळतात.

राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास घ्या. लिटल बिगहॉर्न, यलोस्टोन आणि ग्रँड टीटन या तीन ठिकाणी गाडीमागे प्रवेशशुल्क आहे. २०२५ च्या दरांनी त्यांची बेरीज ९५ डॉलर होत होती आणि पास ८० डॉलरला होता. एका पासवर गाडीतले सगळे जातात. २०२६ पासून अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांसाठी वेगळे आणि बरेच जास्त दर आहेत, त्यामुळे भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे सोबत असतील तर निघण्याआधी उद्यान खात्याच्या संकेतस्थळावर नियम वाचून घ्या. फोर्ट लॅरमीला शुल्क नाही.

एकूण अंतर साधारण १,६५० मैल, म्हणजे २,६०० किलोमीटरच्या पुढे. गाडी भाड्याची असेल तर करारावर दोघांचीही नावं चालक म्हणून घाला. एकानेच चालवली तर पाचव्या दिवशी तो माणूस चित्र पाहायच्या अवस्थेत राहत नाही. वायोमिंगमध्ये दोन गावांमध्ये पन्नास-साठ मैल काहीच नसतं, तेव्हा टाकी अर्ध्यावर आली की भरायची, हा नियम पाळा. नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा, कारण सिग्नल तासन् तास नसतो. आणि सूर्यास्तानंतर गाडी चालवू नका. हरणं आणि प्राँगहॉर्न संधिप्रकाशात रस्त्यावर येतात. शेरिडनच्या अलीकडे आमच्या दिव्यांच्या झोतात अचानक एक मादी आणि दोन पिल्लं उभी राहिली. गाडी थांबली, पण माझे हात मुक्कामाला पोहोचेपर्यंत थरथरत होते.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारींनी पेटी भरूनच निघावं. धपाटे तीन दिवस टिकतात. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लोणचं, छोटा राइस कुकर आणि तांदूळ एवढ्यावर आमचं रात्रीचं जेवण भागलं. दुपारी सँडविच. यलोस्टोन परिसरात खाण्याची एकही वस्तू बाहेर ठेवायची नाही, अस्वलं वासावर येतात. पायी फिरणार असाल तर अस्वलांसाठीचा फवारा कोडीतच विकत घ्या, विमानात तो नेता येत नाही.

पहिला दिवस: डेन्व्हर

इथे क्रमाला एक छोटा अपवाद करायचा आहे. डोळा तयार व्हावा म्हणून एक दिवस नुसती चित्रं पाहायची. डेन्व्हर आर्ट म्युझियममध्ये पश्चिमेच्या कलेचं स्वतंत्र दालन आहे, आणि डाउनटाउनमध्ये ब्राउन पॅलेस हॉटेलसमोर १८८० साली बांधलेल्या नव्हार इमारतीत ॲन्शुट्झ संग्रह आहे. तो आठवड्यातले मोजकेच दिवस उघडा असतो. तिथे जुन्या पद्धतीने चित्रं भिंतभर, एकावर एक लावलेली आहेत.

इथेच दोघांचा नियम ठरवून टाका. आमचा असा: आत गेलो की एक तास वेगळे फिरायचं. तासाने भेटायचं आणि प्रत्येकाने दुसऱ्याला एकच चित्र दाखवायचं, का आवडलं ते सांगायचं. एकच. सगळी चित्रं सोबत पाहायला गेलो की एकाचे पाय दुखतात, दुसऱ्याचं मन भरत नाही, आणि दोघंही एकमेकांसाठी थांबत राहतात. या नियमामुळे नवरा शस्त्रांच्या दालनातून न कुरकुरता बाहेर आला आणि मी कधी नव्हे ती आकाशाच्या रंगाकडे बघायला शिकले.

रात्री एक काम करा. बाल्टिमोरच्या वॉल्टर्स आर्ट म्युझियमच्या संकेतस्थळावरून आल्फ्रेड जेकब मिलरची फोर्ट लॅरमीची जलरंगचित्रं फोनमध्ये उतरवून घ्या. उद्या ती लागतील. तोपर्यंत उघडायची नाहीत.

दुसरा दिवस: चाकोरी आणि बिनतटाचा किल्ला

सकाळी लवकर आय-२५ महामार्गाने उत्तरेला निघा. शायन गावाच्या पुढे तासाभराने यूएस-२६ ला उजवीकडे वळलं की ग्वेर्न्सी लागतं. फोर्ट लॅरमीच्या आधी इथे थांबा.

‘चाकोरी’ हा शब्द आपण आता फक्त ‘चाकोरीबाहेरचं’ म्हणायला वापरतो. चाकोरी म्हणजे गाड्यांच्या चाकांनी पडलेली खोल वाट, हे विसरूनच गेलो आहोत. ग्वेर्न्सीला ती दगडात पाहायला मिळते. १८४० ते १८६० च्या दशकांत ऑरेगन, कॅलिफोर्निया आणि युटाकडे जाणाऱ्या लोकांचे बैलांचे ताफे नदीकाठची एकच अरुंद वाट धरून या मऊ वालुकाश्मावरून गेले. चाकांनी दगड झिजत झिजत गेला. नवरा त्यात उतरून उभा राहिला तेव्हा कडा त्याच्या कमरेला लागत होत्या, आणि याहून खोल जागाही आहेत. मध्ये बैल आणि माणसं चालली त्याची पायवाट, दोन्ही बाजूंना चाकांच्या खोबणी. आम्ही तिथे बराच वेळ काही बोललो नाही.

जवळच रजिस्टर क्लिफ आहे. जाणाऱ्यांनी दगडावर नावं आणि सालं कोरली. आपल्या गडांवर कोरलेली नावं पाहून माझं डोकं फिरतं, पण इथे दीडशे वर्षांपूर्वीचं एखादं नाव वाचताना तो माणूस पुढे पोहोचला असेल का, हाच विचार येतो. नव्या मंडळींनी केलेली खरवड जुन्या अक्षरांवर चढलेली पाहिली की मात्र आपल्या गडावरच असल्यासारखं वाटतं.

तिथून फोर्ट लॅरमी पंधराएक मिनिटांवर. मराठी माणसाने इथे येताना राजगड-रायगड मनातून काढून टाकायचा. तट नाही, बुरूज नाही, दरवाजा नाही. मोकळ्या माळावर, नदीकाठी, मोठ्या चौकाभोवती विखुरलेल्या इमारती आहेत, काही उभ्या, काहींचे नुसते जोते. १८३४ मध्ये लाकडी ओंडक्यांचं व्यापारी ठाणं म्हणून सुरुवात झाली. १८४९ मध्ये सैन्याने इथलं ठाणं विकत घेतलं आणि १८९० मध्ये सोडलं. ‘ओल्ड बेडलॅम’ ही दुमजली पांढरी इमारत १८४९ ची, अविवाहित अधिकाऱ्यांच्या राहण्याची.

चौकात मध्यावर उभे राहा आणि आता मिलरचं चित्र उघडा. त्याने १८३७ मध्ये पाहिला तो ओंडक्यांचा जुना किल्ला, आणि त्या रूपात तो रंगवणारा दुसरा कुणी चित्रकार ज्ञात नाही. चित्रात तट आहे, बुरूज आहेत, बाहेर तिपींचे तंबू आणि घोडे आहेत. समोर त्यातलं काहीही उरलेलं नाही. आहे ती लॅरमी नदी, मागची बुटकी टेकाडं आणि चित्रातल्यासारखा पिवळसर उजेड. मिलर स्कॉटिश सरदार विल्यम ड्रमंड स्ट्युअर्टच्या पदरी चित्रकार म्हणून आला होता. त्याची गाठ प्रवासाच्या शेवटी पुन्हा पडणार आहे.

इथल्या माहितीकेंद्रात सरकारने मूळ रहिवाशांशी केलेल्या दोन तहांची सालं नीट लक्षात ठेवा: १८५१ आणि १८६८. दुसऱ्या तहात लकोटा जमातीला ब्लॅक हिल्स डोंगरांसह मोठा प्रदेश कायमचा देण्याचं वचन होतं. पुढचे दोन दिवस तुम्ही जे पाहाल ते याच तहांच्या अलीकडे-पलीकडे घडलेलं आहे. रात्री कॅस्परला मुक्काम. वेळ राहिलाच तर तिथलं नॅशनल हिस्टॉरिक ट्रेल्स केंद्र पाहा, नाही पाहिलं तरी चालेल.

तिसरा दिवस: फोर्ट फिल कर्नी आणि ब्रिंटन

कॅस्परहून उत्तरेला बफेलो गाव ११५ मैलांवर. तिथून आय-९० ला लागून थोडं पुढे गेलं की फोर्ट फिल कर्नी. सोन्याच्या खाणींकडे जाणारी बोझमन वाट राखायला सैन्याने १८६६ मध्ये हा किल्ला लकोटा, शायन आणि अरापाहो जमातींच्या शिकारीच्या मुलखात उभारला. २१ डिसेंबर १८६६ रोजी कॅप्टन फेटरमनच्या तुकडीला त्यांनी पुढच्या धारेवर खेचून नेलं आणि ८१ जणांपैकी एकही परतला नाही. १८६८ च्या तहानंतर सैन्याने किल्ला सोडला आणि शायन योद्ध्यांनी तो जाळला. फेटरमनच्या धारेवरची पायवाट चालाच. माघार घेत असल्याचं दाखवून शत्रूला अडचणीच्या जागी आणायचं, हा डाव सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. जमीनच सांगते.

दुपारी बिग हॉर्न गावाजवळचं ब्रिंटन म्युझियम. ब्रॅडफर्ड ब्रिंटन या धनिकाचं हे रँच. त्याचं राहतं घर जसंच्या तसं ठेवलं आहे आणि शेजारी २०१५ मध्ये नवी इमारत झाली. तिची दाबलेल्या मातीची उंच, थराथराची भिंत मला आतल्या काही चित्रांइतकीच आवडली. रेमिंग्टन आणि रसेल दोघांचंही काम इथे आहे. चार्ली रसेलच्या सहीशेजारी बायसनची छोटी कवटी काढलेली असते, ती शोधा. आणि मूळ रहिवाशांच्या मणीकामाच्या दालनाला घाईत उरकू नका. एका पोशाखावर इतके बारीक मणी होते, की एका ओळीत ते मोजायचा नवऱ्याने प्रयत्न केला आणि चाळिसाच्या पुढे सोडून दिला.

मुक्काम शेरिडन, दोन रात्री.

चौथा दिवस: लिटल बिगहॉर्न

शेरिडनहून मोंटानात सत्तर मैल. सकाळी उघडतानाच पोहोचा, दुपारी सावली नाही.

१८७४ मध्ये कस्टरच्याच मोहिमेने ब्लॅक हिल्समध्ये सोनं असल्याची बातमी आणली आणि तह कागदावर राहिला. २५ आणि २६ जून १८७६ ला इथे लकोटा, शायन आणि अरापाहोंनी अमेरिकन सैन्याच्या सातव्या घोडदळाचा पराभव केला. कस्टरच्या थेट हाताखालचे सुमारे २१० जण, सगळेच्या सगळे, पडले. सैनिक जिथे सापडले तिथे संगमरवरी पांढरे दगड लावले आहेत. १९९९ पासून पडलेल्या योद्ध्यांच्या जागी लाल ग्रॅनाइटचे दगड लागू लागले. १९९१ पर्यंत या जागेला कस्टरचं नाव होतं. मूळ रहिवाशांचं स्मारक २००३ मध्ये झालं. लकोटा या लढाईला ‘ग्रीझी ग्रास’ म्हणतात.

पाहण्याची पद्धत अशी ठेवा. कस्टर पडला त्या टेकडीवर आधी जाऊ नका. गाडीने थेट रीनो-बेंटीन या थांब्यापर्यंत, साडेचार मैल शेवटाला जा आणि तिथून परत येत प्रत्येक थांब्यावर उतरा. लढाई साधारण तशीच, दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेली. खालच्या नदीकाठी तिपींचं केवढं मोठं गाव होतं ते वरून दिसतं, आणि मग टेकडीवरचे दगड पाहताना जमिनीचे चढउतार समजलेले असतात. रस्ता खासगी जमिनीतून जातो, त्यामुळे ठरलेल्या थांब्यांशिवाय उतरू नका. पायवाट सोडून गवतात जाऊ नका, रॅटलस्नेक असतात. हा सगळा परिसर क्रो राष्ट्राच्या राखीव प्रदेशात येतो आणि उन्हाळ्यात क्रो मार्गदर्शक बसफेरी घेतात. ती मिळाली तर स्वतःची गाडी सोडून तीच घ्या. क्रो लोक त्या दिवशी कस्टरच्या बाजूने वाटाडे होते, त्यांची बाजू ऐकल्यावर गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते.

एक लाल दगड उतारावर एकटाच होता. वर नाव, खाली तो आपल्या लोकांच्या जीवनपद्धतीचं रक्षण करताना पडला अशा अर्थाचा मजकूर. त्याच्यापासून जवळच्या पांढऱ्या दगडापर्यंत मी पावलं मोजली. सतरा. आपल्याकडच्या लढायांच्या जागा मी पुष्कळ पाहिल्या आहेत, पण कोण कुठे पडलं हे सतरा पावलांच्या हिशेबात मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळ मोकळी ठेवा. लगेच काही पाहू नका.

पाचवा दिवस: डोंगरावरून कोडी

शेरिडनहून यूएस-१४ आणि मग यूएस-१४ए ने बिगहॉर्न डोंगर ओलांडायचा. वर ९,६०० फुटांपेक्षा उंचीवर मेडिसिन व्हील आहे: दगडांचं सुमारे ८० फूट रुंद वर्तुळ, त्यात २८ आरे. गाडी ठेवून दीड मैल चालावं लागतं. हवा विरळ आहे, सावकाश चाला, पाणी प्या, स्वेटर सोबत घ्या. अनेक जमातींसाठी ही आजही पूजेची जागा आहे. भोवतीच्या दोरावर बांधलेल्या वस्तूंना हात लावायचा नाही, विधी चालू असेल तर फोटो काढायचा नाही, आणि वर्तुळाभोवती डावीकडून सुरुवात करून सूर्याच्या दिशेने फिरायचं. आम्हाला कुणी सांगण्याआधीच आमचे पाय तसे वळले होते. प्रदक्षिणेची सवय.

पश्चिमेचा उतार फार तीव्र आहे, दहा टक्के. खालचा गिअर टाका, सतत ब्रेक दाबून ठेवू नका, मधल्या थांब्यांवर ब्रेक थंड होऊ द्या. लव्हल आणि पॉवेल गावांवरून संध्याकाळी कोडी.

सहावा आणि सातवा दिवस: कोडी

बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट म्हणजे एका छपराखाली पाच संग्रहालयं: बफेलो बिल (‘वाइल्ड वेस्ट’चे जाहीर खेळ करणारा प्रसिद्ध माणूस), व्हिटनी वेस्टर्न आर्ट, प्लेन्स इंडियन, शस्त्रास्त्रं आणि निसर्ग. तिकीट सलग दोन दिवस चालतं आणि ते दोन्ही दिवस वापरायचेच. पहिल्या सकाळी, डोळे ताजे असताना, सरळ व्हिटनीत जा. नाहीतर बंदुकांच्या दालनात शक्ती संपते.

एडगर पॅक्सनचं ‘कस्टर्स लास्ट स्टँड’, १८९९. मोठा कॅनव्हास, दोनशेहून अधिक आकृत्या, मधोमध कस्टर. पॅक्सनने त्यासाठी वर्षानुवर्षं माहिती जमवली होती. पहिल्या खेपेला मी या चित्रासमोर भारावून उभी होते. दुसऱ्या खेपेला, टेकडीवरून आल्यावर, मला त्यातली गर्दी खटकली. त्या उतारावर माणसं विखुरलेली पडली, लांब लांब. दगडच तसं सांगतात. चित्राला मात्र एक मध्य लागतो, एक नायक लागतो. या लढाईच्या पुष्कळ चित्रांत कस्टर लांब केस सोडून, हातात तलवार घेऊन दिसतो. मोहिमेआधी त्याने केस कापले होते आणि तलवारी पलटणीने मागेच ठेवल्या होत्या.

मग ॲलन मार्डनचं ‘बॅटल ऑफ ग्रीझी ग्रास’ पाहा, १९९६ चं. त्यात एक मध्य नाही. सगळा दिवस, सगळी जमीन वरून पाहावी तशी पसरलेली आहे आणि प्रसंग एकाच वेळी चाललेले आहेत. आपल्या चित्रकथीत किंवा पोथीतल्या चित्रांत काळ असाच एका पटावर मांडतात, त्यामुळे वाचायला अवघड गेलं नाही. रीनोच्या काठापासून टेकडीपर्यंत आम्ही परवा ज्या वाटेने आलो ती बोटाने हवेत दाखवत नवऱ्याने मला समजावली. याच दोन चित्रांसाठी मी आधी जागा, मग चित्र असा हट्ट धरते.

रेमिंग्टनचा स्टुडिओ इथे पुन्हा उभा केला आहे. खोगिरं, मोकासिन जोडे, शस्त्रं भिंतींवर. तो राहायचा न्यूयॉर्कजवळ, पश्चिमेतून सामान आणि रेखाटनं नेऊन तिकडे रंगवायचा. जोसेफ हेन्री शार्प याचं उलट. त्याने १९०५ मध्ये क्रो एजन्सीला, म्हणजे तुम्ही कालपरवा होतात त्या रणभूमीच्या पायथ्याशी, लाकडी घर बांधलं आणि बायको ॲडीसोबत तिथे राहून शेजाऱ्यांची व्यक्तिचित्रं केली. ते घर आता कोडीच्या आवारात आणून ठेवलं आहे. दोन्ही पाहून मग त्यांची चित्रं पुन्हा बघा, अंतराचा फरक रंगात दिसतो. रोझा बोनर या फ्रेंच चित्रकर्तीने १८८९ मध्ये पॅरिसला केलेलं बफेलो बिलचं छोटं घोड्यावरचं चित्र आणि बीअरस्टाटचं ‘लास्ट ऑफ द बफेलो’ चुकवू नका. शेवटी थॉमस मोरानचं ‘गोल्डन गेट’, १८९३. हे नीट लक्षात ठेवा, कारण परवा तुम्ही त्या चित्रातून गाडी चालवणार आहात.

दुसऱ्या सकाळी हार्ट माउंटन. कोडीहून पॉवेलकडे पंधरा मैलांच्या आत. १९४२ ते १९४५ या काळात जपानी वंशाच्या चौदा हजार माणसांना, ज्यांत बहुसंख्य अमेरिकन नागरिक होते, या माळावर डांबून ठेवलं होतं. एस्टेल इशिगो गोरी होती, तिच्यावर सक्ती नव्हती. नवरा आर्थर जपानी वंशाचा, म्हणून ती त्याच्यासोबत छावणीत आली आणि तिथलं जगणं रेखाटत राहिली: बराकी, वारा, रांगा. पश्चिमेच्या कलेच्या पुस्तकांत तिचं नाव सहसा नसतं. माझ्या मते याच कलेत तिची जागा आहे. जाण्याआधी तिची चित्रं शोधून पाहा, मग त्या बराकींच्या जागेवर फिरा. क्रमाला हा माझा दुसरा अपवाद.

दुपारी परत सेंटरमध्ये, प्लेन्स इंडियन दालन. तिथल्या वस्तू मालकांच्या वंशजांसाठी अजून जिवंत आहेत हे मनात ठेवून पाहा. आणि एक शब्दाचं: ‘इंडियन’ हा शब्द तिथले बरेच लोक स्वतःसाठी वापरतात, पण आपल्या तोंडी जमातीचं नाव चांगलं. लकोटा, शायन, क्रो.

आठवा ते अकरावा दिवस

कोडीहून यलोस्टोनचं पूर्व द्वार ५२ मैल. मोरान १८७१ मध्ये हेडन या भूगर्भशास्त्रज्ञाच्या सरकारी सर्वेक्षणासोबत, छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सनच्या बरोबरीने इथे आला. १ मार्च १८७२ ला यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्याच वर्षी मोरानचं यलोस्टोन नदीच्या घळीचं भव्य चित्र काँग्रेसने १०,००० डॉलरला विकत घेतलं. घळीच्या दक्षिण कडेवरच्या आर्टिस्ट पॉइंटला सकाळी जा, गर्दी नंतर वाढते. मग नॉरिसवरून मॅमथकडे. मॅमथच्या थोडं अलीकडे रस्ता पिवळ्या कड्याला चिकटून वळतो, तेच गोल्डन गेट. पलीकडच्या थांब्यावर गाडी लावून मागे वळून बघा. मोरानने कडे उंच केले आहेत, रंग गडद केला आहे, पण पिवळा खरोखर तोच आहे. इथेच नवरा रंगपेटी घेऊन बसला. मी धपाटे काढले.

नवव्या दिवशी ओल्ड फेथफुलमार्गे दक्षिण द्वारातून जॅक्सन. ग्रँड टीटनमधल्या माउंट मोरानला त्याचंच नाव आहे, मात्र त्याने हे डोंगर १८७९ मध्ये आयडाहोच्या बाजूने, लांबूनच पाहिले. दहाव्या सकाळी नॅशनल म्युझियम ऑफ वाइल्डलाइफ आर्ट. दगडी इमारत डोंगराच्या उतारात अशी बसवली आहे की खालून चटकन दिसत नाही. कार्ल रुंगियसची चित्रं पाहा. दोन तास पुरतात.

जॅक्सनहून यूएस-१९१ ने पाइनडेल ७७ मैल. म्युझियम ऑफ द माउंटन मॅन छोटं आहे पण थांबाच, कारण मिलर इथे पुन्हा भेटतो. १८३७ चा सापळे लावून शिकार करणाऱ्यांचा आणि केसाळ कातड्यांच्या व्यापाऱ्यांचा मेळा याच परिसरात, ग्रीन नदीकाठी भरला होता. असा मेळा प्रत्यक्ष पाहून रंगवणारा मिलर हा एकमेव चित्रकार मानला जातो. स्ट्युअर्टने तिथे जिम ब्रिजर या नामांकित शिकारी-वाटाड्याला चिलखत भेट दिलं आणि मिलरने ब्रिजर ते घालून घोड्यावर बसलेला काढला. फोनमधली मिलरची चित्रं दुसऱ्यांदा उघडायची ती इथे, नदीकाठच्या कुरणाकडे बघत.

वाटेत फार्सनला आइस्क्रीम मिळतं, एकच घ्या, दोघांना पुरतं. मुक्काम रॉक स्प्रिंग्ज. अकराव्या दिवशी निघण्याआधी रस्त्यांची स्थिती सांगणारी वायोमिंगची ५११ सेवा पाहा, कारण आय-८० वर वाऱ्याचा जोर फार असतो आणि ट्रकना ओलांडताना स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. लॅरमीला टाकी भरून यूएस-२८७ ने खाली उतरा. फोर्ट कॉलिन्स दुपारी तीनच्या आत ओलांडलं तर डेन्व्हरच्या संध्याकाळच्या गर्दीत अडकणार नाही.